टेकडीला दोन मग

उजेड सर्वांत आधी गच्चीच्या कठड्यावर उतरला. प्रथम नुसती एक राखाडी रेघ; मग ती रुंदावत गेली आणि सिमेंटमध्ये रुतलेले बारीक खडे एकेक करून दिसू लागले. कठड्यावरून तो पाण्याच्या टाकीकडे वळला, टाकीच्या झाकणावर क्षणभर रेंगाळला, कपड्यांच्या दोरीवर विसरलेल्या एकुलत्या एका चिमट्याला त्याने पिवळे केले आणि मग, मुद्दाम उशीर केल्यासारखा, टोमॅटोच्या कुंड्यांपाशी आला. पानांवरची लव चमकली. फळे पानांआड होती. त्यांच्यापर्यंत पोचायला त्याला आणखी थोडा वेळ लागला. पोचला तेव्हा मात्र ती आतून पेटल्यासारखी दिसू लागली. इतका देखणा रंग असलेल्या फळाला चव नसावी, हे कुंड्यांपाशी उभ्या असलेल्या त्याला दर सकाळी नव्याने अन्यायाचे वाटे.

त्याने पहिल्या कुंडीतल्या मातीत बोट खुपसले. दुसऱ्या पेरापर्यंत माती गार होती, आणि ओली.

शेजारच्या कुंडीत तेच. तिच्या पलीकडेही तेच. कोपऱ्यात विटांवर चढवून ठेवलेल्या कुंडीखालून तर पाण्याचा ओघळ निघाला होता आणि अजून सुकला नव्हता. मातीने माखलेले बोट समोर धरून तो तसाच उभा राहिला. गेले कित्येक दिवस त्याने या झाडांना थेंबभरही पाणी घातले नव्हते. पाऊस नव्हता. टाकी गळत नव्हती. कालच त्याने गुडघ्यांवर बसून तिच्याखालची कोरडी फरशी हाताने चाचपून पाहिली होती.

स्वयंपाकघरात बाबा चहाचे आधण ठेवत होते.

“कवळीसम्राट उठले वाटतं,” ते पाठमोरेच म्हणाले.

तो कृत्रिम दात बनवण्याच्या कारखान्यात कामाला होता. कारखाना म्हणायचा इतकेच. एक लांबट खोली, चार टेबले, प्रत्येक टेबलावर वाकलेला एकेक दिवा. दंतवैद्यांकडून अनोळखी तोंडांचे ठसे येत आणि तो दिवसभर त्या दिव्याखाली मान घालून त्यांत बसतील असे दात घडवी. कामात बोलावे लागत नसे. ते त्याला मानवले होते. बाबांची कवळीही त्यानेच केली होती, आणि ‘दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आमच्या चिरंजीवांचं भरतं’ हा विनोद बाबा घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्याच कवळीने हसून ऐकवीत.

“बाबा, आज झाडांना पाणी घातलंत?”

“मी?” बाबांनी गॅस बारीक केला. “नाही बुवा.”

“काल?”

“तूच नको म्हणालास ना. मग मी कशाला घालू?”

त्यांच्या आवाजात कुठेही खोट नव्हती. नेमकी तीच गोष्ट त्याला घाबरवून सोडत होती.

आजोबांचेही असेच सुरू झाले होते. दाराला कडी घातली का, असे ते आधी रात्री एकदा विचारत, मग दोनदा. पुढे पुढे स्वतःच्या हाताने कडी घालत, वळत, आणि तितक्याच निरागसपणे पुन्हा विचारत. शेवटच्या वर्षी घरातले कोणीच त्यांना ओळखीचे वाटत नव्हते. तरी सगळ्यांशी ते अतिशय अदबीने वागत, परक्या घरी मुक्कामाला आल्यासारखे.

त्याने चहाचा कप दोन्ही हातांत धरला.

*

झाडे त्याने आई गेल्यानंतरच्या वर्षी लावली होती. ती भराभर वाढली, लगडली, आणि पहिलेच फळ कापून दोघांनी तोंडात टाकले.

“माझ्या कवळीचा दोष असेल,” बाबा म्हणाले होते.

“माझे दात माझेच आहेत. मलाही तसंच लागतंय.”

फळ पाणचट होते. लाल रंगाचे पाणी चावावे तसे. तेव्हापासून त्याने हा प्रश्न, एखादी कवळी हिरडीला कुठे घासते ते शोधावे, तितक्या चिकाटीने हाताळला होता. खताने पाने नुसती माजतात असे कळल्यावर खत बंद केले. कुंड्या ओढून ओढून पुरते ऊन येईल अशा बाजूला नेल्या. फळे अर्धकच्ची न तोडता झाडावरच पिकू दिली. फ्रिजमध्ये चव मरते म्हणून ती टोपलीत ठेवली. बियाणे बदलले, माती बदलली. दुपारी जेवायला तो पूर्वी कधी घरी येत नसे; आता झाडांना ऊन किती वेळ मिळते ते पाहायला येऊ लागला. आला की बाबांबरोबर जेवणेही होई. फळे मात्र होती तशीच राहिली. वर त्यांना देठापाशी भेगा पडू लागल्या.

भेगा पडलेले एक फळ रुमालात बांधून त्याने ते रोपे विकणाऱ्या बाईंना नेऊन दाखवले होते. त्यांनी ते हुंगले, चावले आणि चावलेला घास सरळ बाजूच्या वाफ्यात थुंकला.

“पाणी किती घालता?”

“हल्ली घालतच नाही. माती ओलीच असते.”

“घालत नाही?” त्या हसल्या. “दादा, हे फळ पोहून आलंय. टोमॅटो पिकायला लागला की त्याला जरा तहानलेला ठेवायचा. लेकरासारखं सारखं पाजत बसलं तर तो फुगतो, पण गोडी धरत नाही. कुठंतरी पाणी मुरतंय बघा तुमच्याकडे.”

घरी येऊन त्याने बाबांना ते जसेच्या तसे सांगितले. पाणी घालू नका, असे बजावले. बाबांनी ‘बरं’ म्हटले. दुसऱ्या दिवशी माती ओली होती. आणि मग एका संध्याकाळी तो कामावरून परतला तेव्हा चहाचे भांडे गॅसवर करपून काळे झाले होते आणि बाबा बाहेरच्या खोलीत शांतपणे रेडिओ ऐकत होते.

त्याच दिवशी त्याने ताईला फोन केला.

*

ताई शनिवारी दुपारी आली. हातात एकच पिशवी, आणि तीही रिकामी असल्यासारखी हलकी. परतताना सामान बाबांचे असणार आहे, हे ती न बोलताच सांगून गेली.

संध्याकाळी बाबा कोपऱ्यावर दाढी करायला गेले तेव्हा ती गच्चीत कठड्याला टेकून उभी राहिली.

“डॉक्टर आमच्याकडेही चांगले आहेत. आणि घरात मी असते, मुलं असतात. इथं तू दिवसभर कामावर. आज चहाचं भांडं जळलं, उद्या काय जळेल?”

“दुपारी मी येतो ना.”

“अर्धा तास. आजोबांचं विसरलास? घरात पाच माणसं होती तरी ते दोनदा हरवले.”

तो एका झाडाची पिवळी पाने खुडत राहिला.

“आणि तुझंही बघ की,” ताईचा आवाज मऊ झाला. “त्या मोठ्या शहरातल्या लोकांनी तुला दोनदा नोकरीला बोलावलं. बाबांपायी तू गेला नाहीस. आता जा. मोकळा हो.”

बाबांना एकटं टाकून कसा येऊ, असे त्याने त्या लोकांना कळवले होते. तेच त्याने लग्नाची स्थळे आणणाऱ्या मावशीला सांगितले होते, सहलीला चलण्याचा आग्रह करणाऱ्या सहकाऱ्यांनाही. इतक्यांदा वापरून ते वाक्य त्याच्या तोंडात, त्याने घडवलेल्या दातांसारखेच, नेमके बसले होते.

“उद्या दुपारची गाडी आहे,” ताई म्हणाली. “सकाळी बाबांना तू सांगतोस की मी सांगू?”

“मी सांगतो.”

खुडलेली पाने त्याच्या मुठीत चुरगळली होती. हाताला टोमॅटोच्या पानांचा तो उग्र, हिरवा वास येत होता, जो फळांत कुठेच नव्हता.

*

जाग आली ती बादलीच्या कडीच्या आवाजाने. खिडकीत नुकतेच फटफटले होते. तो अनवाणी पायांनी गच्चीच्या दाराशी गेला आणि अर्धवट उघड्या दारामागे थांबला.

बाबा कुंड्यांच्या रांगेतून चालले होते. डाव्या हातात बादली, उजव्यात मग, आणि चाल त्याने लहानपणी पाहिलेली तीच. बाबा पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्ह सोडण्याच्या कामावर होते. सबंध नोकरीभर ते पहाटे उठून, लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्ल्यागल्ल्यांतून फिरले होते. रस्त्यातले झाकण उचलून त्यांनी चावी फिरवली की कुठल्यातरी घरात नळ आधी खोकायचा आणि मग वाहायला लागायचा. कधी ते भर रस्त्यात गुडघे टेकून, चावीचा दांडा पाइपावर ठेवून त्याला कान लावत. वर सगळे कोरडे असे. पण खाली पाणी कुठे निसटते आहे ते त्यांना ऐकू येई.

“बाजारगल्ली झाली,” बाबा पुटपुटले. एक मग. “शाळेमागची... झाली.” एक मग. “दवाखान्याची लाइन. थांब बाई, ढकलाढकली करू नको, सगळ्यांना मिळणार आहे.” एक मग.

दारामागे त्याने श्वास रोखून धरला. आजोबांसारखेच, त्याला वाटले. आता ते त्या गल्ल्यांतच फिरताहेत. या गच्चीवर ते नाहीतच.

बाबा कोपऱ्यातल्या, विटांवरच्या कुंडीपाशी पोचले. तिला त्यांनी एक मग घातला. थांबले. मग दुसरा भरून घातला.

त्याच्याने राहवले नाही. “हिला दोन का?”

“टेकडी आहे ही,” बाबा मागे न वळता म्हणाले. “उंचावर प्रेशर लागत नाही. आणि परवा, तुझी ताई येणार म्हणून घर आवरायच्या गडबडीत, हिला एकच—”

हातातला मग हवेत थांबला. त्याच्या काठावरून पाण्याचे दोन थेंब फरशीवर पडले.

“कधीपासून उभा आहेस?”

“बाजारगल्लीपासून.”

“म्हणजे पहिल्यापासूनच.”

“परवा एकच मग घातलात?”

“एकच. म्हणून काल दोन, आजही दोन. थकबाकी.”

“आणि त्याच्या आदल्या दिवशी?”

“त्या दिवशी दवाखान्याच्या लाइनला घातलं नाही. तिथं तू काडी रोवली होतीस, माती भुसभुशीत होती; म्हटलं, कळेल.” बाबा आता वळले होते. उजेड त्यांच्या कालच दाढी केलेल्या गालांवर आला होता, आणि ते गाल चोरी पकडलेल्या मुलासारखे दिसत होते. “तू ओळखलंस तरी कसं?”

“बाबा, तुम्हाला आठवतंय सगळं.”

“न आठवायला काय झालं?”

“म्हणजे तुम्ही मला रोज खोटं सांगत होता.”

“रोज,” बाबांनी कबूल केले. “पाणीखात्याला सुट्टी नसते.”

त्याला हसू फुटले. ते आधी नाकातून आले, मग छातीतून, आणि मग त्याला दाराची चौकट धरावी लागली. असा मोठ्याने तो शेवटचा कधी हसला होता, हे त्याला आठवेना. डोळ्यांतून पाणी येऊ लागले तरी ते थांबेना. आतल्या खोलीतून ताई केस बांधत धावत आली.

“काय झालं? पडलं का कोणी?”

“ताई,” परीक्षेचा निकाल सांगावा तसे तो म्हणाला, “बाबा खोटं बोलतात!”

“काय?”

“सराईतपणे! दिवसचे दिवस! त्यांना कुंडीन्‌कुंडीचा हिशेब पाठ आहे!”

ताईने एकदा त्याच्याकडे, एकदा बादलीकडे पाहिले. मग ती तशीच उंबऱ्यावर बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. ती हसते आहे की रडते आहे, ते हाताआडून कळत नव्हते.

*

चहा तिघांनी गच्चीतच घेतला.

“आणि ते जळलेलं भांडं?” ताईने उलटतपासणी सोडली नव्हती.

“ते खरंच विसरलो. एक भांडं विसरण्याइतकं वय झालंय की माझं.” बाबांनी कपातला चहा फुंकला. “तुम्ही मला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलंय, तेही माहीत आहे. फोनवर हळू बोलायची कला तुम्हा दोघांत नाही.”

“कळत होतं तर बोलायचंत! आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं इथं.”

“खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, म्हणतात ना. माझे दोन्ही ह्यानंच करून दिलेत.”

“विनोद पुरे,” ताई म्हणाली. “का घालत होतात पाणी?”

बाबांनी कप खाली ठेवला आणि मग उचलून तो मांडीवर उगीचच फिरवला.

“सकाळी कोरडी माती बघवत नाही मला. लोक नळाखाली भांडी लावून बसलेत आणि मी आपला अंथरुणात, असं वाटतं.” थोडे थांबून ते म्हणाले, “आणि खरं सांगू का, हे टोमॅटो बिघडल्यापासून हा दुपारचा घरी येतो. माती चाचपतो. मला चार प्रश्न विचारतो, रोपवाटिकेच्या गोष्टी सांगतो. त्याच्याआधी महिना महिना ह्याचा आवाज ऐकू यायचा नाही. दिवसभर त्या दातांशी गप्पा, रात्री पुस्तकात डोकं. टोमॅटो गोड निघाले असते तर दोन दिवसांत खाऊन मोकळा झाला असता.”

 त्याने कठड्यापलीकडे पाहिले. ताईने त्याच्याकडे पाहिले आणि मग ती बिस्किटांचा पुडा उघडू लागली, तो आधीच उघडलेला असूनही.

दुपारी ताई ती हलकीच पिशवी घेऊन निघाली. थांब्यावर गाडीची वाट पाहताना तिने त्याचा सदरा ओढून सारखा केला, तो शाळेत जायचा तेव्हा करायची तसा.

“बरं वाटलं रे. काल रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.” मग गाडीच्या दिशेने पाहत ती म्हणाली, “तसं मी त्यांना आई गेल्यापासून बोलावतेय. भांड्यासाठी नाही, अशीच. नातवंडांत राहायला. दर वेळी म्हणतात, मी येईन गं, पण त्याचं काय?”

“कोणाचं?”

“तुझं. मी म्हणते, मोठा आहे तो. राहील की.”

“राहीन की,” तो म्हणाला. “न राहायला काय झालं?”

गाडी आली. ताई खिडकीतून बराच वेळ हात हलवत होती.

*

पाण्याचा मग बाबांकडे ठेवला गेला नाही. ‘चार्ज दिला,’ असे म्हणत त्यांनी तो समारंभाने त्याच्या हातात दिला. पाणी आता मोजके, माती वरून सुकली म्हणजेच. पहिल्या आठवड्यात पाने दुपारची मान टाकत, आणि बाबा त्यांच्याकडे पाठ होईल अशी खुर्ची फिरवून बसत.

“बोंबाबोंब चाललीय टेकडीवर,” ते पाठमोरेच कळवीत.

“चालू दे.”

“तुझ्यासारखा साहेब मला नोकरीत मिळाला नाही, हे नशीब.”

दुपारचे जेवण मात्र सुटले नाही. मातीत बोट घालून पाहण्यासारखे काही उरले नव्हते, तरी तो येत राहिला.

एका सकाळी, उजेड टाकीच्या झाकणावर रेंगाळत असताना, त्याने टेकडीवरचे सर्वांत पिकलेले फळ तोडले. देठापाशी भेग नव्हती. पूर्वीच्या फळांपेक्षा ते लहान होते, आणि हातात धरल्यावर जड. कठड्यावर ठेवून त्याने ते कापले, मीठ भुरभुरले, आणि अर्धे बाबांपुढे धरले.

आधी आंबटपणा आला, जिभेच्या टोकावर, धिटाईने. मग कडांनी गोडी वर चढली, आणि सर्वांत शेवटी, घास गिळल्यावर, तो हिरवा उग्र वास नाकात भरून राहिला. त्याने डोळे मिटले. खांद्यांतला कुठला तरी जुना ताठा आपोआप सैल झाला.

बाबा कवळीने सावकाश चावत होते. “हं,” ते म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने पुन्हा, “हं.”

“जमलं,” तो म्हणाला.

“जमलं रे. सुटलो एकदाचे.” बाबांनी बोटे चाटली. “थोडे घेऊन ताईकडे जाऊन येतो म्हणतो. पोरांना आवडतील. राहीन महिनाभर.”

“जा की.”

“तू?”

“माझं काय? मी राहीन की.”

वाक्य तोंडात नेमके बसले. पण बाबांनी मान थोडी कलती केली होती आणि ते नुसते थांबले होते, भर रस्त्यात गुडघे टेकून, दांड्याला कान लावून थांबत तसे. वर सगळे कोरडे होते. तो फरशीकडे पाहत राहिला.

बाबा उठले. कोपऱ्यातला मग त्यांनी उचलला, बादलीत बुडवला आणि टेकडीला घातला. आज पाण्याचा दिवस नव्हता. हे दोघांनाही ठाऊक होते. मग रिकामा मग हातात धरून ते त्याच्याकडे वळून पाहू लागले.

त्याने त्यांना अडवायला हवे होते. त्याने पायाने बादली हळूच त्यांच्या बाजूला सरकवली.

बाबांनी दुसरा मग भरला. उजेड आता कुंड्यांपर्यंत आला होता, आणि त्या उजेडात पाणी मातीत उतरताना दिसत होते.

त्याला एकट्याला राहता येत नव्हते.